पानिपतच्या दिवशी संक्रांत नव्हतीच! (आणि कालगणनेतल्या इतर गमती)

घटकाभर

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर हमखास फिरायला लागतो. "१४ जानेवारी १७६१, मकर संक्रांतीचा दिवस, मराठ्यांवर संक्रांत कोसळली..." घरच्या, शाळेच्या, सोसायटीच्या, सगळ्या गटांवर. वाक्य जोरदार आहे, पण त्यातली संक्रांत खोटी आहे.

लढाई १४ जानेवारीलाच झाली. बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. त्याबद्दल वाद नाही. घोळ आहे तो 'संक्रांत म्हणजे १४ जानेवारी' या आपल्या पाठांतरात.

आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने चालते, म्हणजे निरयन. इंग्रजी कॅलेंडर चालतं ऋतूंच्या हिशेबाने. पृथ्वीचा आस सावकाश डोलतो, त्याची एक फेरी व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. या डोलण्यामुळे ताऱ्यांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं भरतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण सत्तर-बहात्तर वर्षं साठली की अख्खा एक दिवस होतो. तेवढ्या काळात संक्रांत इंग्रजी तारखेत एक घर पुढे सरकते. आता ती बऱ्याचदा १५ ला येते आणि लोक "यंदा १५ ला कशी?" म्हणून विचारतात, त्याचं कारण हेच.

ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी एक सोपा साक्षीदार: स्वामी विवेकानंद. जन्म कलकत्त्यात, १२ जानेवारी १८६३, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. हे त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. १८६३ ला संक्रांत १२ ला असेल तर त्याआधी शंभर वर्षं ती १४ ला कशी असेल? मागे मोजत गेलं की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे भाऊसाहेबांच्या उपाशी फौजेने संक्रांत, जी काही केली असेल ती, लढाईच्या चारेक दिवस आधी केली.

तर हा धागा अशा गमतींसाठी. तारखा, घड्याळं, पंचांगं, सन, शक, काहीही चालेल. अट एकच, "असं म्हणतात" चालणार नाही.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

(तिळगूळ मात्र १४ लाच खाणार. १५ ला पण खाणार.)

चिकित्सक_चिंचवडकर

एक शंका. त्या काळी पंचांगं जुन्या करणग्रंथांवर (पंचांगाचं गणित सांगणाऱ्या पोथ्यांवर) चालायची, आजच्यासारखी दृक्‌प्रत्ययी (प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारी) नव्हती. मग आजचं गणित मागे लावून कसं चालेल?

घटकाभर

रास्त शंका. पण सूर्यसिद्धान्तातलं वर्ष आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षाही साडेतीन मिनिटांनी मोठं आहे. त्या हिशेबाने संक्रांत आणखी भरभर सरकते, साधारण साठ-एकसष्ट वर्षांत एक दिवस. म्हणजे जुनं गणित घ्या नाहीतर नवं, १७६१ ची संक्रांत १४ च्या जवळपासही फिरकत नाही.

आज्जीची_गोष्ट

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

याच्याशीच जोडलेलं: संक्रांतीला आपण "आजपासून उत्तरायण" म्हणतो. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. दोन्ही एकाच दिवशी यायचे ते सुमारे सतराशे वर्षांपूर्वी. तेव्हापासून संक्रांत पुढे सरकत गेली आणि उत्तरायण मागे राहिलं. आपण मात्र दोघांची गाठ सोडायला तयार नाही.

त्याहून गंमत भीष्मांची. शरपंजरी पडल्यावर ते उत्तरायणाची वाट बघत थांबले. अनुशासनपर्वात ते स्वतः सांगतात की मला इथे पडून अठ्ठावन्न रात्री झाल्या. त्यांची पुण्यतिथी आपण माघ शुद्ध अष्टमीला पाळतो, भीष्माष्टमी. आता आपलं पंचांग काढून बघा, २२ डिसेंबर कधी पडतो? मार्गशीर्षात नाहीतर पौषात. माघात कधीच नाही. मग माघ कुठून आला? वेदांग ज्योतिषात उत्तरायणाची सुरुवात माघ शुद्ध प्रतिपदेला धरली आहे, सूर्य-चंद्र धनिष्ठा नक्षत्रात असताना. म्हणजे ज्यांनी ही तिथी ठरवली त्यांच्या काळी आकाशाची मांडणी वेगळी होती, आणि ती मांडणी एका श्राद्धाच्या तिथीत तशीच शिल्लक राहिली.

यावरून महाभारताची तारीख काढायला कृपया कोणी धावू नये. त्या वाटेने गेलेले परत येत नाहीत.

रिकामटेकडा

शेवटच्या वाक्याला +१. एक जण गेले होते, अजून प्रतिसाद टंकताहेत.

मोडीवाचक

घटकाभर, छान विषय काढलात. इतिहासाच्या कागदांत रोज डोकं घालणाऱ्यांना हा घोळ पाचवीला पुजलेला असतो. जरा सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावा याने कॅलेंडरातले दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबर संपला आणि दुसऱ्या दिवशी उजाडला शुक्रवार १५ ऑक्टोबर. स्पेनमधली संत तेरेसा नेमकी त्याच रात्री वारली, म्हणून तिचा सण १५ तारखेला असतो. वार मात्र मोडला नाही, आणि आम्हा लोकांचा सगळा भरवसा त्या वारावर. पोर्तुगाल कॅथलिक, त्याने लगेच ऐकलं. गोव्याला बातमी जहाजाने यायची, त्यामुळे तिथे हा बदल पुढच्या वर्षी, १५८३ मध्ये झाला.

इंग्रज पडले प्रोटेस्टंट. पोपचं ऐकून दिवस गाळायचे? मुळीच नाही. ते १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर वापरत राहिले. म्हणजे शिवकाळात एकाच दिवसाला गोव्याचा विजरई एक तारीख घालत होता आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज दहा दिवस मागची.

आता राज्याभिषेक घ्या. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार. आपण ६ जून १६७४ म्हणतो, कारण इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता आणि इंग्रजी कागदांची गणना जुनी होती. त्याच पहाटे गोव्यात १६ जून होता. महाराजांचा जन्म जेधे शकावलीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार. जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३०, नव्या गणनेने १ मार्च १६३०. दोन्हींना वार शुक्रवारच येतो, पडताळून बघा. (ही शकावली टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर जन्मसाल १६२७ धरलं जात होतं.)

याच्यावर कडी म्हणजे इंग्रजांचं वर्षही १ जानेवारीला सुरू होत नसे. ते २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा वखारवाल्यांच्या लेखी साल होतं १६६३. हे माहीत नसलेला माणूस कागद वाचून "छापा वर्षभर आधी पडला" असं छातीठोक सांगू शकतो. सांगितलेलंही आहे. नावं घेत नाही.

माहीमची_पोर

मोडीवाचक काका, म्हणजे आमच्या मुंबईने तर कॅलेंडर उलटं फिरवलं म्हणायचं! पोर्तुगीजांच्या वेळी नवं, मग इंग्रज आल्यावर परत जुनं?

मोडीवाचक

अगदी बरोबर पकडलंत. बेटांचा ताबा फेब्रुवारी १६६५ मध्ये दिला गेला. पोर्तुगीजांच्या हिशेबाने १८ फेब्रुवारी, इंग्रजांच्या हिशेबाने ८ फेब्रुवारी, आणि वर 'साल १६६४'. ऐंशीएक वर्षं नवं कॅलेंडर वापरलेली जागा पुन्हा दहा दिवस मागे गेली आणि १७५२ पर्यंत तिथेच राहिली. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. २ सप्टेंबर १७५२ नंतर एकदम १४ सप्टेंबर.

भौतिकवाला

यात शास्त्रवाल्यांचीही एक लाडकी गोष्ट बुडते. "ज्या वर्षी गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, जणू मशाल हातातून हातात." गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला इटलीत गेला, नव्या कॅलेंडरने. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ ला इंग्लंडात जन्मला, पण जुन्या कॅलेंडरने. नव्याने ती तारीख ४ जानेवारी १६४३ होते. मशाल गेली.

तसंच २३ एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले म्हणून सांगतात. दोघांमध्ये दहा दिवसांचं अंतर होतं. आणि सर्व्हान्टिस बहुधा २२ लाच गेला होता, २३ ला पुरला.

जाता_जाता

स्वीडनने तर कमालच केली. दिवस हळूहळू गाळू म्हणाले, मध्येच विसरले, मग परत जुन्यावर यायचं ठरवलं. ते जमवायला १७१२ च्या फेब्रुवारीला ३० दिवस दिले. ३० फेब्रुवारी ही तारीख जगात खरोखर एकदा होऊन गेली आहे. उधारी परत करायला आमच्या गावात अजून तीच सांगतात.

अस्सल_मावळा

हे सगळं ठीक, पण जयंती तिथीनेच साजरी झाली पाहिजे. तारीख ही इंग्रजांची देणगी आहे. ज्यांना १९ फेब्रुवारी हवी त्यांनी

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे उपप्रतिसाद काढले आहेत. तिथी की तारीख या विषयावर भरपूर धागे आहेत, तिकडे खुशाल भांडा. इथे गमती येऊ द्या.

माहीमची_पोर

घड्याळाची गंमत टाकते, मुंबईचीच.

आपल्याला आता 'भारतीय प्रमाणवेळ' म्हणजे जणू सूर्याबरोबरच जन्मलेली वाटते. ती सुरू झाली १ जानेवारी १९०६ ला. त्याआधी मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, मद्रासची वेगळी. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे. घरच्या घड्याळावर विसंबून स्टेशनवर गेलं की गाडी गेलेली.

प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकर भडकले. एका रात्रीत घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायचं, म्हणजे गिरणी कामगाराने ३९ मिनिटं लवकर उठायचं. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी विरोधात उभे राहिले. बंगालच्या फाळणीच्या आंदोलनाने वातावरण आधीच तापलेलं, त्यात सरकारची वेळ म्हणजे सरकारचा वरवंटा असंच लोकांना वाटलं. मुंबई महापालिकेने आपली घड्याळं 'बॉम्बे टाइम'वरच ठेवली, आणि ती किती वर्षं? १९५५ पर्यंत! स्वातंत्र्य मिळालं, प्रजासत्ताक झालं, तरी ही ३९ मिनिटं काही मिटली नाहीत. कलकत्त्याने १९४८ मध्ये हार मानली होती.

आमच्याकडे आजोबांच्या लग्नाची पत्रिका आहे, त्यात मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' छापलंय. लहानपणी मला ते एखाद्या गावाचं नाव वाटायचं. ते स्टँडर्ड टाइम. नाहीतर अर्धी वऱ्हाडी मंडळी अक्षता पडून गेल्यावर पोचायची.

रिकामटेकडा

म्हणजे १४ ऑगस्ट १९४७ ला नेहरू मध्यरात्रीचं भाषण करत होते तेव्हा बॉम्बे टाइमवाल्यांच्या घड्याळात साडेअकराही वाजले नव्हते?

माहीमची_पोर

दिल्लीत बाराचा ठोका पडला तेव्हा बॉम्बे टाइम ११ वाजून २१ मिनिटं. त्या हिशेबाने मुंबई ३९ मिनिटं जास्त पारतंत्र्यात. 😄

अदिस_रिटर्न

मी काही वर्षं इथिओपियात होतो. तिथलं कॅलेंडर आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. त्यांनी २००० साल साजरं केलं ते १२ सप्टेंबर २००७ ला, मोठ्या धामधुमीत. महिने तेरा: बारा महिने तीस-तीस दिवसांचे, तेरावा पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा.

पण खरी त्रेधा घड्याळाने उडते. त्यांचे तास सकाळी सहाला सुरू होतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'एक'. आमचा गाडीवाला "उद्या दोनला येतो" म्हणाला की तो सकाळी आठला दारात. सुरुवातीला वैताग यायचा. मग लक्षात आलं की आपले प्रहर आणि घटका तरी कुठून मोजत होतो? सूर्योदयापासूनच.

चिकित्सक_चिंचवडकर

घटकेवरून आठवलं. कोकणातल्या एका लग्नात खरं घटिकापात्र बघायला मिळालं. तांब्याचं घंगाळ पाण्याने भरलेलं, त्यात हळदीकुंकवाची बोटं लावलेली छोटी तांब्याची वाटी तरंगत सोडलेली. वाटीच्या बुडाला इतकं बारीक भोक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसेना. पाणी त्यातून आत चढत जातं, आणि काठापर्यंत भरली की वाटी एकदम डुबकन खाली. ती एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्रीत अशा साठ. गुरुजी मोबाइलवर वेळ बघत होते हा भाग वेगळा, पण वाटी बुडली आणि मोबाइलचा मुहूर्त यांत फार तर मिनिटाचा फरक असेल. एक काकू वाटीशेजारी राखणीला बसवल्या होत्या, पोरांनी बोट घालू नये म्हणून.

शेवगाशेंग

माझं माहेर रत्नागिरीकडचं आणि आमच्याकडे टिळक पंचांग. सासरी दाते. कधी कधी दोन्हीकडची दिवाळी महिनाभराच्या अंतराने येते! शेजारीपाजारी विचारतात, तुमची लवकर कशी? कोणी समजावून सांगेल का, मला अजून नीट सांगता येत नाही.

घटकाभर

शेवगाशेंगताई, प्रयत्न करतो.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून बरोबरी करायची. कोणता महिना अधिक? ज्या चांद्र महिन्यात सूर्याची एकही संक्रांत (म्हणजे नव्या राशीत प्रवेश) पडत नाही तो. आता संक्रांत कधी पडते हे तुम्ही राशिचक्राची सुरुवात कुठे धरता त्यावर ठरतं. टिळक पंचांग ती रेवतीच्या झीटा पिशियम या ताऱ्याला धरून करतं. बाकीच्यांची सुरुवात त्यापासून सुमारे चार अंशांवर आहे. सूर्याला चार अंश जायला चार दिवस लागतात, म्हणून दोघांच्या संक्रांती चार दिवस आगेमागे. बहुतेक वर्षी त्याने काही बिघडत नाही. पण संक्रांत अमावास्येच्या अगदी तोंडाशी आली की एकाच्या हिशेबाने ती या महिन्यात पडते आणि दुसऱ्याच्या हिशेबाने त्या. मग एकाचा अधिक महिना वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, आणि मधले सण महिनाभर सरकतात.

माहेरी एकदा, सासरी एकदा, दोनदा फराळ. तक्रार नसावी.

याहून दुर्मीळ प्रकार क्षयमासाचा. हिवाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ. तेव्हा सूर्य एक रास झपाट्याने ओलांडतो, आणि क्वचित एकाच चांद्र महिन्यात दोन संक्रांती येतात. मग एक महिना चक्क गाळावा लागतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवलंय की हा प्रकार बहुतेक १४१ वर्षांनी आणि कधी कधी १९ वर्षांनी घडतो. आता ताळा बघा: १८२२-२३ ला क्षयमास, त्यात १४१ मिळवले की १९६३-६४. त्यात १९ मिळवले की १९८२-८३. पुढचा पुन्हा १४१ नी, २१२३-२४ ला. या धाग्यावरचं कोणी बघायला नसेल.

जाता_जाता

आणि क्षयमासाच्या आगेमागे दोन अधिक महिने येतात ना? म्हणजे सहा महिन्यांत दोन धोंडे. जावयाला दोनदा अनारसे, दोनदा चांदीचं ताट. आमचे सासरे १९८२ चं नाव काढलं की अजून खूश होतात.

शेवगाशेंग

समजलं! धन्यवाद. इतकी वर्षं "आमच्याकडे असंच असतं" एवढंच सांगत होते.

दादरचा_पेस्तन_नाही

पारशी शेजाऱ्यांमुळे माहीत असलेली गोष्ट. आपण ऑगस्टातल्या सुटीला 'पतेती' म्हणतो आणि त्यांना "हॅपी पतेती" करतो. पतेती म्हणजे वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या चुकांची क्षमा मागायचा. दुसऱ्या दिवशी नवरोज. म्हणजे आपण त्यांना पश्चात्तापाच्या शुभेच्छा देत असतो.

हे नवं वर्ष ऑगस्टात येतं कारण त्यांच्या शहेनशाही वर्षाला लीप दिवसच नाही, नुसते ३६५. दर चार वर्षांनी एक दिवस मागे. भारतात आल्यावर कधीतरी त्यांनी एक महिना वाढवून घेतला होता, इराणातल्यांनी नाही. पुढे हा महिन्याचा फरक ध्यानात आल्यावर सुरतेत १७४५ मध्ये काही जणांनी इराणचा हिशेब उचलला, ते कदमी. त्यांचं नवं वर्ष महिनाभर आधी. मग १९०६ मध्ये खरशेदजी कामांनी फसली मंडळ काढलं, त्यांचं २१ मार्चला. मूठभर समाज, नवी वर्षं तीन.

चिकित्सक_चिंचवडकर

आपल्या सरकारी पंचांगाचं कोणालाच कसं आठवलं नाही? मेघनाद साहांच्या समितीने देशभरातली तिसेक पंचांगं तपासून एक राष्ट्रीय कॅलेंडर बनवलं. २२ मार्च १९५७ म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून लागू. आकाशवाणी अजून सांगते, राजपत्रावर छापतात, बाकी कोणी ढुंकून बघत नाही.

पण गंमत अशी की रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार या कॅलेंडरची तारीख घातलेला चेक बँकेला स्वीकारावाच लागतो. २०२५-२६ चं राष्ट्रीय साल शके १९४७. 'चैत्र १०, १९४७' अशी तारीख घालून बघा. कॅशियरला वाटेल स्वातंत्र्याच्या वर्षीचा चेक आला.

रिकामटेकडा

उद्याच घालतो. घरभाड्याच्या चेकवर.

सातारी_कंदी

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय. आमच्या घरी पेटीत एक मोडी कागद आहे. एका ओळखीच्यांनी शेवटची ओळ वाचून दिली: 'छ २ रजब सन अर्बा सबैन मया व अलफ'. पुढे त्यांनाही सांगता येईना. हा मुसलमानी सन आहे का? आमचं घराणं तर पेशव्यांच्या चाकरीतलं.

मोडीवाचक

कंदी, हा शुहूर सन. पेशवाईचे बहुतेक कागद याच सनात आहेत, त्यात बिचकण्यासारखं काही नाही. आकडे अरबी आणि उलट्या क्रमाने: अर्बा चार, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११७४. पानिपतचा सन असाच 'इहिदे सितैन मया व अलफ', एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१.

याला मृगसालही म्हणतात, कारण वर्ष बदलतं सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणजे पेरणीच्या तोंडावर. वसुलीच्या कामाला ते सोयीचं. दिवस आणि महिना मात्र हिजरी, चंद्रावरचे. 'छ' म्हणजे चंद्र. वर्ष सूर्याचं आणि महिने चंद्राचे, त्यामुळे वर्षाच्या सांध्यावरचे काही दिवस एकाच सनात दोनदा येतात. अशी तारीख मिळाली की मजकुरातल्या गोष्टींवरून ताडत बसायचं, दुसरा इलाज नाही. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला बदलतो, आपली तिथी सूर्योदयाची धरतात, इंग्रजांचा मध्यरात्रीला. रात्री काही घडलं असेल तर तीन कागदांत तीन दिवस सापडू शकतात.

तुमचा रजब सांध्यावरचा नाही, सुदैवाने. शुहूरात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी रजब सप्टेंबरात होता. म्हणजे ११७४ अधिक ५९९, १७७३. दिवस निघतो १८ ते २० सप्टेंबर १७७३ च्या दरम्यानचा, नवरात्राचे पहिले दिवस.

आता तारीख नीट बघा. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीत. तुमचा कागद त्यानंतर तीनच आठवड्यांचा. शनिवारवाड्यात तेव्हा राघोबादादांचा अंमल होता. या एका सनात नारायणराव, राघोबा आणि एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेले सवाई माधवराव, तिघेही येतात. त्यामुळे कागदावर शिक्का कोणाचा आहे याला फार महत्त्व आहे. मजकूर काय आहे? इनाम, वराता (पैसे देण्याचे हुकूम), की नुसतं आज्ञापत्र?

सातारी_कंदी

अंगावर काटा आला काका. मजकूर वाचलेला नाही, फक्त शेवटची ओळ. वरच्या बाजूला गोल शिक्का आहे, अर्धा पुसट. फोटो काढून टाकतो. कागद कडेने सुटत चाललाय, तोवर लॅमिनेट करून घेऊ का?

मोडीवाचक

लॅमिनेट अजिबात करू नका! उष्णतेने जुना कागद खराब होतो आणि तो प्लास्टिकचा पापुद्रा पुन्हा निघत नाही. सेलोटेपही नको. दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवा, घडी घालू नका. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता, आणि शिक्क्याचा वेगळा जवळून काढा. पाठीमागच्या बाजूचाही टाका, बऱ्याचदा 'बार' (दफ्तरी नोंदीचा शेरा) तिथेच असतो.